अंड्यात अडकलेले बदकाचे पिल्लू : मदत केव्हा करावी आणि कशी

खाकी कॅम्पबेल बदके अंडी भरपूर घालतात, परंतु सहसा खुडूक बसत नाहीत; त्यामुळे त्यांची अंडी एक तर खुडूक कोंबडीखाली ठेवावी लागतात, नाही तर इन्क्युबेटरमध्ये. कोंबडीखाली काय चालले आहे ते आपल्याला दिसत नाही. इन्क्युबेटरच्या पारदर्शक झाकणातून मात्र तडा गेलेले आणि तासन्‌तास तसेच राहिलेले अंडे सतत नजरेसमोर असते आणि हात शिवशिवू लागतात. मदत करता येते. पण वेळेआधी केलेल्या मदतीने पिल्लू रक्तस्रावाने दगावते, म्हणून आधी नेहमीचा क्रम नीट माहीत हवा.

बदकाची अंडी २८ दिवसांत फुटतात, मस्कोव्ही जातीची मात्र ३५ दिवस घेतात. अंडी ठेवली तो दिवस शून्य धरावा. शेवटच्या दोन-तीन दिवसांत पिल्लू प्रथम आतला पापुद्रा फोडून चोच हवेच्या पोकळीत घालते आणि फुप्फुसांनी श्वास घेऊ लागते. या वेळी अंडे कानाशी धरल्यास टकटक किंवा बारीक चिवचिव ऐकू येते आणि टॉर्चच्या उजेडात पोकळीत हलणारी चोचीची सावली दिसते. त्यानंतर साधारण १२ ते ४८ तासांनी कवचाला बाहेरून पहिला तडा जातो. तेथून पिल्लू बाहेर पडेपर्यंत आणखी २४ ते ४८ तास लागू शकतात. हा मधला काळ वाया जात नसतो. कवचाच्या आतून पसरलेल्या रक्तवाहिन्यांतील रक्त याच वेळात पिल्लाच्या शरीरात परत जाते आणि उरलेला बलक बेंबीवाटे पोटात ओढला जातो. कोंबडीच्या पिल्लांची सवय असलेल्यांना हा वेळ फार वाटतो. बदकाच्या बाबतीत तो नेहमीचाच आहे.

अडलेल्या पिल्लांपैकी बऱ्याच जणांची अडचण मुळात आर्द्रतेची असते, आणि कोकणात तिचा हिशेब निराळा मांडावा लागतो. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत पाण्याच्या दोन्ही पन्हळी भरा असे लिहिलेले असते. परंतु पावसाळ्यात बाहेर २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असताना तीच हवा यंत्रात ३७.५ अंशांपर्यंत तापली, की पाण्याचा थेंबही न घालता आतली आर्द्रता सुमारे ५० टक्के भरते. त्यात आणखी पाणी घातले तर अंड्यातील ओल पुरेशी उडत नाही, हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू फुगलेले, चिकट द्रवाने माखलेले व फिरायला जागा नसलेले असे अडकते. उलट जानेवारीत बाहेर २० अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर आतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास घसरते आणि पापुद्रा वाळून पिल्लाच्या लवेला चिकटतो. अंड्याचे वजन २५व्या दिवसापर्यंत साधारण १३ टक्क्यांनी घटले पाहिजे. ७० ग्रॅमचे अंडे तोवर ६१ ग्रॅमच्या आसपास आलेले असावे. स्वयंपाकघरातील डिजिटल काटा यासाठी पुरतो. आर्द्रतामापकावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये : बाटलीच्या झाकणात ओलसर मीठ घेऊन ते मापकासह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवावे, काटा ७५ टक्क्यांवर नसेल, तर जेवढा फरक तेवढा दोष मापकाचा समजावा.

२५व्या दिवशी अंडी फिरवणे थांबवून आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर न्यावी. ओल टिकावी म्हणून हवेची छिद्रे मात्र बंद करू नयेत, कारण प्राणवायूची गरज याच दिवसांत सर्वाधिक असते. वीज गेल्यास यंत्रावर गोधडी टाकतानाही छिद्रे उघडी राहतील हे पाहावे.

आता प्रत्यक्ष मदत. पोकळीत चोच येऊन २४ तास उलटले, तरी बाहेर तडा नसेल, तर रुंद टोकाशी, पोकळीच्या सर्वात उंच भागावर, निर्जंतुक केलेल्या सुईने हळूहळू कोरून सुमारे दोन मिलिमीटरचे छिद्र पाडावे आणि अंडे परत ठेवावे. ते केवळ श्वासासाठी असते. तडा अरुंद टोकाला गेला असेल, तर पिल्लू उलटे आहे. तेथे चोचीपुढची फट मोकळी राहील एवढेच पाहावे आणि पुढच्या कामाला अधिकच सबुरी ठेवावी.

बाहेरच्या तड्यानंतर ३६ तासांत काहीच प्रगती नसेल, किंवा पापुद्रा पिवळसर, चिवट आणि चामड्यासारखा दिसत असेल, तर पंखा बंद करून, हात धुऊन, पोकळीवरचे कवच चिमट्याने कणाकणाने काढावे. पोकळीची रेषा ओलांडू नये. उघड्या पडलेल्या पापुद्र्यावर कापसाच्या काडीने कोमट खोबरेल तेल लावावे. थंडीत थिजलेले तेल यंत्रावर ठेवले तरी वितळते. तेलाने पापुद्रा पारदर्शक होतो आणि खालच्या रक्तवाहिन्या स्पष्ट दिसू लागतात. नाकपुड्यांवर तेलाचा थेंब जाऊ देऊ नये. लाल रेषा दिसल्या, की काम तेथेच थांबवून अंडे सहा-आठ तासांसाठी परत यंत्रात ठेवावे. पिल्लू चघळल्यासारखी किंवा जांभईसारखी चोच हलवीत असेल, तर बलक अजून आत ओढला जात आहे असे समजावे आणि थांबावे. चुकून रक्त आलेच, तर स्वच्छ कापसाने हलके दाबून वर चिमूटभर कॉर्नफ्लोअर लावावे.

रेषा फिक्या होऊन नाहीशा झाल्या, की पापुद्रा चोचीपासून मागे सारावा, पंखाखाली अडकलेले डोके सोडवावे आणि हात काढून घ्यावा. खालचा अर्धा भाग आपण काढायचा नसतो. पिल्लू पायांनी रेटून तो स्वतः सोडते, आणि बलक पूर्ण ओढला गेला नसल्यास उरलेले कवच बेंबीला सांभाळते. बेंबीशी चिकटलेला धागा किंवा कवचाचा तुकडा कधीही ओढू नये. वाळून तो आपोआप गळतो.

अशा पिल्लाला पूर्ण सुकेपर्यंत यंत्रातच ठेवावे. पोटातील बलकावर ते पहिला दिवस सहज काढते, म्हणून खाऊ घालण्याची घाई नको. बाहेर काढल्यावर वर्तमानपत्रावर ठेवू नये, कारण पाय घसरून फाकतात. खडबडीत रबरी जाळी अंथरावी. पाय फाकलेच, तर नैसर्गिक उभे राहण्याएवढे अंतर ठेवून दोन्ही पाय मऊ चिकटपट्टीच्या पट्टीने सैल जोडावेत, दिवसातून एकदा पट्टी तपासावी, आणि ती असेपर्यंत पिल्लाला पोहण्याच्या पाण्यापासून दूर ठेवावे.