पऱ्हाट्या, पाचट पेटवायच्या आधी एकदा वाचा भावांनो

सध्या सांजच्याला आखाड्यावरून घराकडं निघालं की चारी बाजूनं धुराचे लोट दिसायलेत. कापसाची उलंगवाडी झाली म्हणजे हंगाम संपला, तुरी निघाल्या, उसाच्या टोळ्या अजून रानात आहेत, अन् प्रत्येकाला रान मोकळं करायची घाई. पऱ्हाट्या म्हणजे कापसाची वाळकी झाडं, पाचट म्हणजे उसाची वाळकी पानं, काडी ओढली की काम फत्ते. मी पण लई वर्षं हेच केलंय, म्हणून कुणाला शहाणपण शिकवायला बसलो नाही, पण मागच्या साली माझ्याच बांधाची आग वाऱ्यानं शेजाऱ्याच्या ठिबकात घुसली अन् नळ्यांचे पैसे भरताना डोकं ठिकाणावर आलं.

आधी उसाचं बघू, कारण तिथं नुकसान सगळ्यात मोठं. एकरी साधारण ३ ते ४ टन पाचट निघतं. त्यात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पालाश त्याहून थोडं जास्त. म्हणजे ४ टनांत २० किलो नत्र, अन् युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत तेवढंच असतं. काडी लावली की हे नत्र जवळपास सगळं हवेत जातं, गंधक बरंच जातं, अन् जमिनीला जो सेंद्रिय कर्ब पाहिजे तो पण धूर होऊन जातो. कुणी म्हणतं राखेत पालाश राहतं की, राहतं ना, पण फेब्रुवारीच्या वाऱ्यात ती राख तुमच्या रानात किती थांबते ते तुम्हीच बघा.

मग करायचं काय, तर ऊस गेल्या गेल्या बुडखे कोयत्यानं जमिनीबरोबर छाटून घ्या, पाचट सरीत दाबून बसवा, अन् त्यावर एकरी साधारण ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट टाका. हे गणित टनाला ८ किलो युरिया अन् १० किलो सुपरचं आहे, पाचट कमी असलं तर त्या हिशोबानं कमी करा. पाचट कुजवणारं जीवाणू कल्चर टनाला १ किलो, ते शेणकाल्यात कालवून वेगळं शिंपडा, युरियात मिसळू नका. युरिया का तर वाळलेल्या पाचटात कर्ब जास्त अन् नत्र कमी, कुजवणारे जीवाणू नत्र जमिनीतूनच ओढतात, मग खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडातून फुटलेलं पुढचं पीक, पिवळा पडतो अन् लोक म्हणतात पाचटानं पीक बिघडलं. त्यानंतर पाणी द्या. एक धोका मात्र खरा आहे, वाळकं पाचट रानात असलं की बिडीच्या थोटकानं पण पेट घेतं, म्हणून बांधाकडचा पट्टा मोकळा ठेवा अन् विजेच्या तारा लोंबकळत असतील तर आधी त्याची तक्रार करा.

आता धुराचं. आपल्याला वाटतं धूर वर गेला, विरला, संपलं. थंडीत तसं होत नाही. रात्री जमीन लवकर गार पडते, तिच्यालगतची हवा पण गार अन् जड होते, अन् वर त्यापेक्षा गरम हवेचं झाकण बसतं, मग धूर खालीच अडकतो. पहाटे गावावर जी निळसर पट्टी तरंगताना दिसते ना, ती संध्याकाळी आपणच पेटवलेली पऱ्हाटी. त्यातले बारीक कण, ज्याला पीएम २.५ म्हणतात, केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्श्याएवढे असतात. नाकातल्या केसांना ते सापडत नाहीत, थेट फुफ्फुसात जातात. आपल्या देशात हवेच्या एका घनमीटरमागं २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम धरलीय. २०१९ ला केंद्रानं शहरांच्या हवेसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्याच्या यादीत आपल्याकडचं जालना, लातूर, छत्रपती संभाजीनगर पण आहे. तिथं गाड्या, रस्त्याची धूळ, कारखाने ही कारणं आहेतच, सगळं खापर शेतकऱ्यावर फोडू नये हे मी पण म्हणतो. पण आपल्या रानातला धूर आधी आपल्याच ओसरीवर खोकत बसलेल्या म्हाताऱ्याच्या छातीत जातो, त्याला शहरवाले काय करणार.

पऱ्हाट्यांचं जरा वेगळं आहे. त्या बांधावर गंजी लावून जून-जुलैपर्यंत ठेवल्या तर किडक्या बोंडांतली गुलाबी बोंडअळी तशीच सुप्त पडून राहते अन् पुढच्या कापसावर येते. म्हणून फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर परत कापूस, घेऊ नका, शेवटची वेचणी झाली की रानात शेळ्या-मेंढ्या सोडा, उरलेली बोंडं त्या खाऊन टाकतात, मग पऱ्हाट्या उपटून श्रेडरनं बारीक करा. तो चुरा डायरेक्ट नांगरून टाकण्यापेक्षा शेण अन् मातीबरोबर कुजवलेला बरा, लाकडाचा भाग चिवट असतो. नाडेप टाकं, म्हणजे काडीकचरा कुजवून खत करायचं टाकं, बांधता आलं तर सोन्याहून पिवळं. आपल्या शेजारच्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची ही पद्धत, १० फूट लांब, ६ रुंद, ३ उंच, भिंतीत हवेसाठी भोकं ठेवायची. शेण १०० किलोच्या आत लागतं, जनावरं कमी असलेल्याला पण जमतं. ओल टिकवली तर तीन-चार महिन्यांत खत तयार, म्हणजे आत्ता भरलं तर पेरणीच्या तोंडावर हातात. सोयाबीनची गुळी म्हणजे भुसा, तुरीचं भुसकट जनावराला जाऊन उरलं तर तेही त्यातच टाका.

अन् एक गोष्ट ज्याकडं कुणी बघत नाही, मल्चिंग पेपर म्हणजे वाफ्यावर अंथरायचं प्लास्टिक, फुटक्या नळ्या, औषधाचे डबे. हे पऱ्हाटीच्या ढिगात टाकून पेटवायची लई वाईट सवय आहे आपल्याला. पीव्हीसी पाइप जळला की आम्लाचा धूर निघतो, डायॉक्सिनसारखं विष तयार होतं. नळ्या अन् पेपर माती झटकून भंगारवाल्याला द्या. औषधाचा डबा फवारणी चालू असतानाच तीनदा विसळायचा, ते पाणी फवारणीच्या टाकीत ओतायचं, विहिरीत किंवा नाल्यात नाही, अन् डब्याला भोक पाडायचं म्हणजे घरात कुणी तेलाला, पाण्याला वापरणार नाही.

श्रेडर एकट्याला परवडत नाही हे कबूल. आम्ही पाच जणांनी मिळून भाड्यानं ठरवलंय, तासाच्या हिशोबानं, अन् ज्याचं रान रस्त्याला आहे त्याच्यापासून सुरुवात करायची म्हणजे ट्रॅक्टरच्या फेऱ्या वाचतात. पऱ्हाट्या मात्र मशीन यायच्या आधी उपटून एका जागी घालून ठेवा, नाहीतर भाड्याचा मीटर चालू अन् माणसं उपटत बसलेली, पहिल्या दिवशी आमचं हेच झालं.