ॲमस्टरडॅम ते गिएथॉर्न: मुलाबाळांसह दोन दिवस, आडवाटेने

नेदरलँड्समधली ही वाट अशी: ॲमस्टरडॅम, बेमस्टर, एडम, एनक्हाउझेन, तिथून पाण्यातल्या बांधावरून लेलीस्टाड, मग स्खोकलँड आणि शेवटी कालव्यांचं गाव गिएथॉर्न. सगळं मिळून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. मोटरवेने थेट दीड-दोन तासांत पोचाल, पण खिडकीतून ट्रकच दिसतील. दोन दिवस काढा, मुक्काम एनक्हाउझेनला करा.

आंतरराष्ट्रीय परवाना निघण्यापूर्वीच आरटीओतून काढून घ्या, भाड्याच्या गाडीला तो मागू शकतात. 1.35 मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला चाइल्ड सीट सक्तीची आहे. मांडीवर घेऊन बसणं चालत नाही, म्हणून गाडीसोबतच सीट बुक करा.

गाडी उजवीकडून चालवायची हे गर्दीत आपोआप जमतं. चूक होते ती सकाळी, रिकाम्या पार्किंगमधून बाहेर पडताना. समोर कुणी नसतं आणि हात सवयीने डावीकडे वळतो. रस्त्यावर पांढरे त्रिकोण दिसले आणि टोकं तुमच्याकडे असली, तर आडव्या रस्त्यावरून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. फलक-त्रिकोण काहीच नसेल तर उजवीकडून येणारा आधी, मग तो सायकलवाला का असेना. उजवीकडे वळताना शेजारून सरळ जाणाऱ्या सायकलीलाही वाट द्यायची, त्यासाठी मान वळवून मागे बघा, नुसता आरसा पुरत नाही. वेग साधारण गावात 50 किंवा 30, बाहेर 80, अरुंद ग्रामीण रस्त्यांवर बऱ्याचदा 60. दिवसा मोटरवेवर बहुतेक ठिकाणी 100. दंड कॅमेऱ्याने होतो आणि भाड्याची कंपनी त्यावर आपलं शुल्क लावते.

बेमस्टर 1612 मध्ये तळं उपसून तयार झालेली जमीन. रस्ते, चर, शेतं, सगळं पट्टीने आखल्यासारखं चौकोनी. कडेच्या कालव्यापाशी थांबा: पाणी शेतापेक्षा वर असतं आणि होडी डोक्याच्या उंचीवरून जाताना दिसते. मुलांना समुद्रसपाटी समजावून सांगायला याहून सोपी जागा नाही.

एडमला चीज घ्याल. घरात कडक शाकाहारी असतील तर नुसतं ‘चीज म्हणजे शाकाहारी’ धरू नका. पारंपरिक चीजमध्ये रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला वापरलेलं वासराच्या पोटातलं द्रव्य, असतं. सूक्ष्मजीवजन्य रेनेटचं चीज मिळतं, दुकानदाराला विचारा. पॅनकेकच्या यादीत ‘स्पेक’ म्हणजे डुकराचं मांस, आणि वाटाण्याच्या सूपमध्येही बहुधा तेच.

पार्किंगचं यंत्र गाडीचा नंबर मागतं, त्यामुळे नंबरप्लेटचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. निळ्या पट्ट्यांच्या भागात घड्याळाची पुठ्ठ्याची चकती काचेमागे लावायची, तिच्यावर पोचल्याची वेळ; पुढच्या अर्ध्या तासाला ढकललेली चालते.

एनक्हाउझेन सोडताच रस्ता जहाजांच्या मार्गाखालून जातो, मागच्या सीटवरच्यांना आधीच सांगून ठेवा. पुढे पंचवीसेक किलोमीटर दोन्ही बाजूंना पाणी. वारा सुटला की गाडी खेचली जाते, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा. स्खोकलँड हे पूर्वी बेट होतं. 1859 मध्ये राजाज्ञेने रिकामं केलं, 1942 मध्ये भोवतीचं पाणीच आटवलं. आता चर्च शेतांच्या मधोमध उभं आहे. तास पुरतो.

गिएथॉर्नला, डच तोंडी ‘खीटहोर्न’ला, उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत पोचा. जुन्या भागात गाड्या नाहीत, बाहेर लावून चालत जायचं. विजेवर चालणारी बिनआवाजी होडी भाड्याने मिळते. दांड्याच्या सुकाणूची असेल तर दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. पहिली पाच मिनिटं सगळेच काठावर आपटतात. पूल अगदी ठेंगणे, मुलांना उभं राहू देऊ नका. आणि रविवार असेल तर डबा सोबत घ्या. शेजारच्या स्टापहोर्स्टसारख्या धार्मिक गावांत त्या दिवशी दुकानं बंद असतात.