लंडनच्या उपनगरात घर शोधताय? आधी शाळेत जागा आहे का ते विचारा

मुलांना घेऊन लंडनला यायचं ठरलं की पहिला सल्ला ठरलेला: "हॅरोला घ्या, आपली माणसं आहेत." दुसरा: "वेम्बली बघा, ईलिंग रोडला सगळा किराणा मिळतो." बारा वर्षांत मी स्वतः तीनदा घर बदललं आणि नव्याने आलेल्या कितीतरी कुटुंबांबरोबर घरं पाहत फिरले. हे दोन्ही सल्ले आता मला ऐकवत नाहीत. किराणा आठवड्यातून एकदा आणायचा असतो. शाळेत मात्र रोज दोनदा जायचं असतं. इथे दारात रिक्षावाले काका येत नाहीत, लहान मुलाला सोडायला आणि आणायला घरातल्याच कुणाला तरी जावं लागतं. आपली माणसं भेटतातच. महाराष्ट्र मंडळ 1932पासून इथे आहे, आणि गणपतीला डॉलिस हिलच्या त्याच्या वास्तूत जायला शेजारीच राहावं लागत नाही.

सुरुवात ऑफिसच्या स्टेशनपासून करा. तिथे गाडी न बदलता मेट्रोची कोणती लाइन येते ते बघा. मेट्रोपॉलिटन असेल तर हॅरो आणि पिनर, ज्युबिली असेल तर स्टॅनमोर, पिकॅडिली असेल तर हाउन्स्लो. 2022मध्ये एलिझाबेथ लाइन सुरू झाल्यापासून इलफर्ड, हेज आणि स्लाउही सोयीचे झाले आहेत. फक्त स्लाउ लंडनच्या बाहेर आहे. वेस्ट ड्रेटनच्या पुढे ऑयस्टर (लंडनचं प्रवासाचं कार्ड) चालत नाही, बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड वापरावं लागतं. दोन-तीन भाग निवडा आणि तिथेच थांबा.

मग मुलाची इयत्ता काढा. इथलं वर्ष 1 सप्टेंबर ते 31 ऑगस्ट. वर्ष सुरू व्हायच्या आधीच्या 31 ऑगस्टला चार वर्षं पूर्ण असतील तर रिसेप्शन (शाळेचा पहिला वर्ग), पाच असतील तर इयर वन, सहा असतील तर इयर टू. म्हणजे आपल्याकडे पहिलीत असलेलं मूल इथे बहुधा इयर टूमध्ये बसतं. चौकशी करताना इयत्ता न सांगता जन्मतारीख सांगा.

आता खरी अडचणीची पायरी. इथेच मी चुकले होते.

आम्ही फेब्रुवारीत आलो तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. एका चांगल्या सरकारी शाळेपासून चार मिनिटांवर घर मिळालं. एजंट म्हणाला, "कॅचमेंटमध्येच आहे", म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या हद्दीत. आम्ही सही केली. मग कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या पालिकेकडे, शाळेसाठी अर्ज केला आणि उत्तर आलं की वर्ग भरलेला आहे. मिळाली ती शाळा दोन बस बदलून जायची. थंडीत, पावसात, पाच महिने आम्ही ते केलं. शाळा दिसेल अशा खिडकीचं भाडं भरत होतो आणि मूल दुसरीकडेच जात होतं.

याचं कारण समजून घ्या. रिसेप्शन, इयर वन आणि इयर टू या वर्गांत एका शिक्षकामागे 30 मुलं ही कायद्याची मर्यादा आहे. अगदी मोजके अपवाद सोडले तर एकतिसावं मूल घेत नाहीत, मग तुम्ही फाटकासमोर राहत असलात तरी. अपील करता येतं, पण या वर्गांसाठी ते क्वचितच यशस्वी होतं. अंतराचा उपयोग होतो तो सप्टेंबरच्या नियमित प्रवेशाला. रिसेप्शनसाठी त्याचा अर्ज 15 जानेवारीपर्यंत करायचा असतो आणि निकाल 16 एप्रिलच्या सुमारास लागतो. वर्षाच्या मध्ये येणाऱ्याला आधी रिकामी जागा शोधावी लागते.

म्हणून घराआधी फोन करा. निवडलेल्या भागातल्या पाच-सहा शाळांच्या ऑफिसांना विचारा: या जन्मतारखेच्या मुलासाठी आत्ता जागा आहे का? नसेल तर वेटिंग लिस्टवर किती मुलं आहेत? काही कौन्सिल रिकाम्या जागांची यादीही देतात. जिथे जागा आहे, त्या शाळेच्या आसपासच घर बघा. दोन मुलं असतील तर दोन्ही वर्गांचं विचारा, नाहीतर सकाळी एकाच वेळी दोन फाटकं गाठावी लागतील.

वेटिंग लिस्टवर भिस्त ठेवू नका. तिथे आधी आला त्याचा नंबर आधी, असं नसतं. भावंड त्याच शाळेत आहे का, घर किती जवळ आहे, या निकषांवर क्रम लागतो. आमची मुलगी तिसरी होती, महिन्याभरात पाचवी झाली, कारण आमच्यापेक्षा जवळ दोन कुटुंबं राहायला आली.

आणि "कॅचमेंट" हा शब्द एजंटच्या तोंडून ऐकलात तर विश्वास ठेवू नका. अनेक शाळांना ठरलेली हद्द नसतेच. मागच्या वर्षी शेवटचं मूल किती अंतरावरून घेतलं, तो आकडा कौन्सिलकडून घ्या, तोही तीन वर्षांचा. तो दर वर्षी बदलतो. अंतर बऱ्याच ठिकाणी सरळ रेषेत मोजतात, काही ठिकाणी पायवाटेने, तेही विचारा.

बाकी सोपं आहे. घर दोनदा बघा: एकदा शाळा सुटताना, एकदा रात्री. हीथ्रोजवळ असाल तर दुपारी 3च्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा अंगणात उभे राहा, कारण एरवी त्या वेळी विमानं उतरायची धावपट्टी बदलतात. कौन्सिल टॅक्स, म्हणजे पालिकेचा घरावरचा कर, बहुधा भाड्यात धरलेला नसतो, घराचा बँड (कराचा गट) विचारून महिन्याच्या खर्चात मिळवा.

घर पसंत पडलं की ते राखून ठेवायला एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त देऊ नका. वार्षिक भाडं 50,000 पौंडांच्या आत असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. ते 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा झाल्याची पावती मागून घ्या. पण पैसे भरायच्या दिवशी सकाळी शाळेला पुन्हा एकदा फोन करा आणि ती जागा अजून रिकामी आहे ना, ते विचारा.