आधी कूलर कुठे ते ठरवा, मग सोफा

नवीन घराची चावी हातात आली की पहिल्याच आठवड्यात आपण सोफा पाहायला निघतो. आम्हीही निघालो होतो. नागपुरात बेसा साइडला टू बीएचके, तिसरा म्हणजे सगळ्यात वरचा मजला, पझेशन डिसेंबरातलं, हवा मस्त गार, हॉलच्या पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळचं कोवळं ऊन येऊन राहिलं होतं, म्हटलं वा काय कोपरा आहे, आणि तिथेच एल शेपचा सोफा टाकून मोकळे झालो. एप्रिलात दुपारी तीननंतर त्या सोफ्यावर हात ठेववत नव्हता आणि हॉलला कूलर लावायला तीच एक खिडकी, तिच्यापुढे नऊ फुटांचा सोफा आडवा. सासूबाई फक्त एवढंच म्हणाल्या, "काहून गं, कूलर काय छताला टांगणार होती का?"

तर सांगायचं हे की नागपुरात घर सजवायचं असेल तर सुरुवात मे महिन्यापासून करायची, भलेही तुम्ही दिवाळीत शिफ्ट होत असाल.

पहिलं काम फुकटचं आहे. रिकाम्या घरात सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि चार वाजता एकेक चक्कर मारा आणि कुठल्या भिंतीवर ऊन येतं ते खडूने लिहून ठेवा. पण हिवाळ्यातलं ऊन पाहून फसू नका. नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे, म्हणजे मेच्या शेवटी दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, दक्षिणेच्या खिडकीतून तेव्हा ऊन आत येतच नाही, डिसेंबरात मात्र तिथूनच खोलीभर पसरतं. त्यामुळे दक्षिणेची खिडकी उलट चांगली, हिवाळ्यात ऊन आणि उन्हाळ्यात सावली. उन्हाळ्यात मार खातात त्या पूर्व आणि पश्चिमेच्या भिंती, आणि वरचा मजला असेल तर स्लॅब. वरच्या मजल्यावाल्यांनी हॉलच्या झुंबराआधी गच्चीचा खर्च धरावा, मार्चमध्ये गच्चीवर चुना किंवा पांढरा हीट रिफ्लेक्टिव्ह कोट मारून घ्या, फरक रात्री पंख्याच्या हवेत कळतो.

आता कूलर. एसी असला तरी वाचा, कारण दिवसभर हॉलमध्ये एसी किती जण चालवतात ते आपल्याला माहीत आहे. कूलर बाहेरची कोरडी गरम हवा ओल्या गवतातून ओढून आत सोडतो, आणि आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट लागते. म्हणून कूलर खिडकीच्या किंवा बाल्कनीच्या बाहेर, तोंड आत, आणि समोरच्या बाजूची एक खिडकी वीतभर उघडी. सगळं बंद करून लावला की अर्ध्या तासात चिपचिप सुरू. खोलीत ही हवेची वाट आधी मनात आखा. बेड किंवा सोफा त्या वाटेवर पाहिजे, प्लायचं कपाट आणि पुस्तकांचं शेल्फ वाटेच्या बाजूला, नाहीतर दोन सीझनमध्ये दारं फुगून बसत नाहीत आणि पुस्तकांची पानं लाटांसारखी होतात (आमच्या शब्दकोशाची झाली आहेत). कूलरच्या आजूबाजूला दोन फूट भिंतीला साधा डिस्टेंपर टिकत नाही, तिथे टाइल लावा नाहीतर धुता येणारा पेंट मारा.

हे इलेक्ट्रिशियनला पेंटिंगच्या आधी सांगायचं: कूलरचं स्विच आत, हात कोरडा राहील अशा जागी, अर्थिंग तपासलेलं, आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारं स्विच. पत्र्याची बॉडी, आत पाणी, ओला हात, यात गंमत नाही, पाणी भरताना प्लग काढायचाच. शक्य असेल तर बाल्कनीत एक नळ आणि पाणी जायची जाळी काढून घ्या, बादल्या वाहणं वाचतं. स्लायडिंग खिडकी असेल तर एक शटर काढून त्या मापाच्या शीटला कूलरच्या तोंडाएवढं भोक पाडून मिळतं, काढलेलं शटर मात्र सांभाळून ठेवा, जूनमध्ये परत लागतं. पाऊस सुरू झाला की हवेतच ओल असते, कूलर काही कामाचा राहत नाही, झाकून ठेवतो. म्हणजे तो कोपरा चार महिने कूलरचा आणि आठ महिने रिकामा. तिथे जड काही ठेवू नका, वेताची खुर्ची, दोन कुंड्या, हलवता येईल असंच.

आता फर्निचर. दुकानात जायच्या आधी जुने पेपर जमिनीवर चिकटपट्टीने लावून बेड-सोफ्याचा आकार मांडा आणि दोन दिवस त्याच्या आजूबाजूने फिरा. क्वीन बेड ६० बाय ७८ इंच, किंग ७२ बाय ७८. दहा बाय बाराच्या खोलीत किंग मावतो, पण मग कपाटाचं दार उघडताना बेडवर चढावं लागतं. चालायला किमान दोन-अडीच फूट सोडा. आम्ही हे सोफा आल्यानंतर केलं, म्हणून सांगून राहिले.

सुताराकडून करून घेणार असाल तर लाकूड-प्लायसाठी लकडगंजला चक्कर होतेच. तिथे नुसतं "वॉटरप्रूफ आहे भाऊ" यावर जाऊ नका, प्लायवरचा शिक्का वाचा. सिंकखाली आणि बाथरूमच्या भिंतीला टेकून येणाऱ्या कपाटाला बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारं), म्हणजे आयएस ७१० चा शिक्का, बाकी कोरड्या बेडरूमला एमआर (नुसती ओल सोसणारं) ग्रेड चालतं, सगळीकडे महाग प्लाय लावायची गरज नाही.

भिंती. नागपुरात बऱ्याच भागात काळी माती आहे, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आटून भेगाळते, पाया नीट भरला नसेल तर त्याचा हिशोब भिंतीवर दिसतो. नवीन प्लास्टरही वाळताना बारीक तडे देतं. म्हणून वॉलपेपर, टेक्स्चर असली महागडी हौस एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेल्यावर करा, तोपर्यंत साधा रंग. बारीक तडे क्रॅक फिलरने बुजतात, पण बुजवल्यावर परत रुंद होत असतील तर रंगाऱ्याला नाही, इंजिनिअरला बोलवा. आणि एक गैरसमज, आतून पांढरा रंग दिला की खोली गार राहते असं काही नाही, उष्णता बाहेरून येऊन राहिली आहे. आतला फिका रंग उजेडासाठी असतो, दुपारी पडदे ओढल्यावरही लाइट लावावा लागत नाही. बाहेरून फिका रंग असेल तर मात्र खरंच फायदा, पण फ्लॅटमध्ये ते सोसायटीच्या हातात.

पडद्यांवर मी सगळ्यात जास्त पैसे वाया घालवले. जाडजूड ब्लॅकआउट लावले पश्चिमेच्या खिडकीला, तरी खोली तापायचीच, कारण ऊन काचेतून आत आल्यावर पडदा ते अडवतो आणि स्वतः तापून बसतो. ऊन काचेच्या बाहेरच अडवायचं. बांबूची चिक बाहेरून सोडा, किंवा वाळ्याची ताटी, तिच्यावर दुपारी पाणी मारलं की वासाने जीव शांत होतो. तेही नसेल तर हिरवी नेट आहेच, दिसायला बांधकामासारखी दिसते, पण मेमध्ये कोण पाहायला येतं. असं केलं की आतला पडदा नुसता शोभेचा राहतो, सुती, हलका, स्वस्त. कापड इतवारी-गांधीबागेत घ्या, सीताबर्डीच्या बाजारापेक्षा वेळ जास्त जातो पण निवड भरपूर.

माप असं काढा. खिडकी पाच फूट असेल तर रॉड सहा फुटाचा, दोन्हीकडे सहा-सहा इंच बाहेर. चुण्या चांगल्या पडायला कापड रॉडच्या दुप्पट, बारा फूट. कापडाचा पन्हा ४८ इंच, म्हणजे तीन पाट लागले. उंची साडेसात फूट आणि दुमडायला एक फूट, साडेआठ गुणिले तीन, साडेपंचवीस फूट, आठ मीटर घ्या. सुती कापड धुतल्यावर आटतं, आधी भिजवून मग शिवायला टाका.

लाइटचं थोडक्यात: बसायच्या-झोपायच्या जागी ३००० केल्विनचा पिवळसर, ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर ४००० चा. ६५०० च्या पांढऱ्याखाली हॉल दवाखान्यासारखा दिसतो. फॉल्स सीलिंग करायचंच असेल तर नंतर पंख्याची पाती जमिनीपासून सात फुटांच्या वर राहतात का ते मोजून पाहा, आमच्याकडे ते सुचवणाऱ्याने पंखाच ड्रॉइंगमध्ये काढला नव्हता.

शोभेच्या वस्तूंसाठी ऑनलाइनचे गोरेपान पुतळे कशाला पाहिजे कळत नाही. भंडारा साठ-पासष्ट किलोमीटरवर, पितळी भांड्यांसाठी जुनं नाव, तिथलं एक घंगाळ आणून पाणी-फुलं ठेवा. त्याच जिल्ह्यातल्या आंधळगावच्या कोसा रेशमाचा तुकडा मिळाला तर दोन उशांचे अभ्रे होतात, सोफ्याला जास्त काही लागत नाही. आणि तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी! मुलं मोठी झाली की तो माळ्यावर जातो, तो खाली आणा, पुसून तेलाचा हात फिरवा आणि दारासमोरच्या टेबलावर ठेवा. आमच्याकडे नवऱ्याच्या लहानपणीचा आहे, एक चाक गेलं आहे, येणारा प्रत्येक जण आधी त्याच्याबद्दलच विचारतो.

वास्तुशांतीत मिळालेली घड्याळं (आम्हाला पाच मिळाली) सगळी लावायची नसतात. आणि कुठेही ड्रिल मारायच्या आधी स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या रेषेत भोक पाडू नका, आत पाइप असतात. वायरिंग आणि प्लंबिंग उघडं असतानाच प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, बाजूला टेप धरून. आम्ही बाथरूमचा काढला नव्हता, तिथे आता टॉवेल दाराच्या मागे लटकतो.