स्वस्तातला स्कोप भरवशाचा आहे का, हे छर्रा न उडवता कसं ओळखावं

दुकानात एअरगनचा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, डोळ्याला लावायचा, समोरच्या पाटीवरचा मोबाइल नंबर वाचायचा आणि ‘काच भारी आहे’ म्हणून पैसे मोजायचे, ही आपल्याकडची चाचणी. माझे पहिले दोन स्कोप असेच आले. काच खरंच बरी होती. पण हल्ली चार-पाच हजारांच्या आतल्या स्कोपमध्ये काच सहसा दगा देत नाही, दगा देतं ते आतलं यंत्र. नेम सरकवायची घुंडी जेवढी फिरवली तेवढीच आतली नेमाची फुली सरकते का, परत आणली की जागेवर येते का आणि दणके खाल्ल्यावर तिथंच राहते का, एवढंच बघायचं असतं. पाटी वाचून यातलं काहीच कळत नाही.

बाहेरून येणारे बहुतेक सल्ले हरणाची शिकार करणाऱ्या अमेरिकन माणसासाठी असतात. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे. रोह्यांनी तुरीचा फडशा पाडला तरी त्यांच्यावर छर्रा मारायचा नाही. जनावर मरत नाही, जखम घेऊन हिंडतं आणि गुन्हा तुमच्यावर होतो. नासधुशीची तक्रार वनखात्याकडं द्यायची. मी सांगतोय ते ४.५ मिलीमीटरच्या, २० ज्यूलच्या आतल्या विनापरवाना एअरगननं कागदावर नेम धरणाऱ्यांसाठी. ज्याला स्पर्धेत उतरायचंय त्यानं तर स्कोपवर पैसेच घालू नयेत. स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं, त्या प्रकारात दुर्बीण चालतच नाही.

घेताना दोनच गोष्टी बघा. पुढच्या काचेभोवती किंवा बाजूला १० यार्डांपासून सुरू होणारी, अंतर जुळवायची रिंग हवी. ती नसलेले स्कोप बहुधा १०० यार्डांसाठी पक्के केलेले असतात आणि २५ मीटरवर डोळा जरा हलला की फुलीही हलते. दुसरं, घुंडीवर एका क्लिकचं, म्हणजे ती फिरवताना लागणाऱ्या एका खटक्याचं, माप छापलेलं हवं. सहसा पाव एमओए असतं. एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. ‘३-९x४०’ (३ ते ९ पट झूम, ४० मिलीमीटरची पुढची काच) च्या जागी ‘६-२४x५०’ मिळतंय म्हणून हुरळू नका. त्या किमतीत २४ पट म्हणजे अंधार.

आता मुख्य काम. यात मी एक अख्खा हिवाळा वाया घालवलाय, म्हणून सावकाश सांगतो.

सगळे सांगतात तो ‘बॉक्स टेस्ट’: पाच छर्रे मारा, ४० क्लिक वर, पाच मारा, ४० उजवीकडं, पाच मारा, असा चौकोन पुरा करून मूळ जागी या. स्प्रिंगच्या बंदुकीवर हा सल्ला निरुपयोगी आहे. माझा २५ मीटरवरचा ग्रुप, म्हणजे छर्ऱ्यांच्या भोकांचा पसारा, तेव्हा तीन सेंटिमीटरचा होता आणि पाव एमओएचं एक क्लिक २५ मीटरवर जेमतेम १.८ मिलीमीटर सरकतं. वाळूच्या चाळणीनं रवा चाळल्यासारखं ते. चूक स्कोपची, बंदुकीची, छर्ऱ्याची की माझ्या श्वासाची, काही कळायला मार्ग नाही.

म्हणून बंदूक बाजूला ठेवा. स्कोप बंदुकीवर धरून ठेवणाऱ्या माउंटच्या रिंगांमध्ये तो बसवून त्या रिंगा लाकडाच्या जाड ठोकळ्यावर घट्ट करा आणि तो ठोकळा सुताराच्या शिकंज्यात धरा. नळी थेट शिकंज्यात आवळू नका, चेपते. आमच्या शेतातल्या आखाड्यावर शिकंजा नव्हता, मी पाणी उपसायच्या जुन्या इंजिनाच्या पायाला सी-क्लॅम्पनं ठोकळा जखडला होता, तेही चाललं. घुंडी फिरवताना पाया तसूभरही हलता कामा नये.

समोर ग्राफ पेपर. त्यावर जाड मार्करनं दर सेंटिमीटरला रेघा ओढा, बारीक चौकटी इतक्या लांबून दिसत नाहीत. कागदाची उभी रेघ गवंड्याच्या ओळंब्यानं लावा आणि फुलीची उभी तार तिच्यावर तंतोतंत बसवा. अंतर टेपनं मोजा. टेपनंच. मी धुऱ्यावरून २५ पावलं टाकली होती. ४० क्लिकला ७३ मिलीमीटर यायला हवेत, आले ५५. स्कोप खोटा ठरवला, दुकानदाराशी भांडलो, बदलून आणला. दुसऱ्यातही ५५. मग चुलतभावानं जमिनीच्या मोजणीचा टेप आणला तेव्हा कळलं, माझी २५ पावलं म्हणजे पावणेएकोणीस मीटर. चांगला स्कोप परत गेला होता.

डोळा मध्यावर नसणं ही दुसरी खोड. डोकं मागं घ्या, चित्राभोवती काळं कडं येईल. ते चारी बाजूंनी सारखं दिसलं की वाचा. आणि घुंडी ‘वर’ फिरवली की फुली खाली जाते. घाबरू नका, छर्रा वर जावा म्हणून ती खालीच जायला हवी.

आता फिरवा. ४० क्लिक वर, वाचा. ४० उजवीकडं, वाचा. ४० खाली, ४० डावीकडं, आणि फुली निघाल्या ठिपक्यावर परत आली का बघा. हे तीनदा करा. ७३ ऐवजी दरवेळी ६९ येत असतील तर मी तो स्कोप ठेवतो. खोटं का असेना, सारखं खोटं बोलतोय, हिशेबात धरता येतं. पहिल्यांदा ७३, मग ६६, मग ७० आले तर काच हिऱ्याची असली तरी परत पाठवा. फक्त वरची घुंडी फिरवताना फुली ओळंब्याच्या रेघेवरून बाजूला सरकत गेली, तरी परत.

याहून महत्त्वाची चाचणी मला कुणीच सांगितली नव्हती. चार क्लिक फिरवा, फुली कुठं आहे ते बघा. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं घुंडीच्या बुडाशी दोनदा हलकं टकटक करा. फुली तिथंच राहिली तर ठीक. टकटक केल्यावर टुणकन पुढं गेली, तर आतली स्प्रिंग मेलेली आहे किंवा ग्रीस घट्ट झालंय. असा स्कोप फिरवल्यावर सरकत नाही, पुढच्या छर्ऱ्याच्या दणक्यानं सरकतो. तुम्ही आणखी क्लिक देता, तो जास्तच जातो, तुम्ही मागं आणता, आणि दुपार सरते, डबी रिकामी होते. ही खोड जानेवारीच्या सकाळी जास्त दिसते, म्हणून एकदा गारठ्यात आणि एकदा भर उन्हात तापलेल्या पत्र्याखाली बघा. स्कोप उघड्यावर ठेवाल तेव्हा टोप्या लावा. सूर्याकडं तोंड करून ठेवू नका आणि त्यातून सूर्याकडं पाहू तर मुळीच नका.

शिकंज्यात असतानाच ३ पासून ९ पर्यंत झूम करा. फुली ठिपका सोडून भटकली तर तो स्कोप एकाच झूमवर वापरायचा.

पाणी चालतं असं खोक्यावर लिहिलं असेल तर कोमट पाण्याच्या बादलीत पाच मिनिटं बुडवा. अंगाला चिकटलेले बुडबुडे सोडून द्या. एकाच सांध्यातून माळ निघाली तर आत भरलेला गॅस गळतोय.

मग बंदुकीवर चढवा. स्प्रिंगची बंदूक आधी मागं आणि लगेच पुढं झटका देते. दारूच्या बंदुकीसाठी बनवलेल्या स्कोपला पुढचा झटका सोसत नाही, म्हणून ‘एअरगन’ लिहिलेलाच घ्या आणि माउंटला अडकवणी पिन हवीच. रिंग आणि नळी यांच्यावरून व्हाइटनरची एक रेघ ओढा. पन्नास छर्ऱ्यांनंतर रेघ तुटलेली दिसली तर रिंग घसरली, स्कोपला शिव्या देऊ नका. रेघ शाबूत आणि ग्रुप सरकला, तर दोष स्कोपचा.

पाचशे छर्ऱ्यांची एक डबी संपली की पुन्हा शिकंज्यात धरा आणि ४० क्लिक मोजा. तोवर खोकं फाडू नका, बिल जपा, आणि पहिल्या दिवशीच्या चाचणीचा व्हिडिओ काढताना मोबाइल डोळ्याच्या काचेला नीट टेकवा, फुली आणि सेंटिमीटरच्या रेघा दोन्ही दिसल्या पाहिजेत. दुसऱ्यांदा भांडायला गेलो तेव्हा दुकानदारानं तो व्हिडिओ बघितला, टेपचं अंतर विचारलं आणि मुकाट दुसरा नग काढून दिला.