आवडलेले इतरांपर्यंत पोचवताना : कलाकृती, पुस्तके आणि सामाजिक आवाहने

एखादे चित्र पाहून हातातले काम पुन्हा सुरू करण्याची उमेद येते, एखादे पुस्तक संपवल्यावर ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, एखाद्या सामाजिक प्रश्नाबद्दल वाचले की आपणही खारीचा वाटा उचलावा असे वाटते. आणि हे सगळे समाजमाध्यमांवर पाठवायला आज क्षणभराचाही वेळ लागत नाही. या सोयीमुळेच बरेच काही वाटेत गळून पडते. चित्र पोचते पण चित्रकाराचे नाव पोचत नाही, पुस्तकातले वाक्य पोचते पण पुस्तक कोणते ते कळत नाही, मदतीची हाक पोचते पण ती कधीची आणि कुणाची हे सांगता येत नाही. म्हणून खाली सांगितलेल्या साऱ्या पद्धतीची कसोटी मी एकच मानतो: पोस्ट वाचणाऱ्याला आपल्याला काहीही न विचारता मूळ गोष्टीपर्यंत जाता आले पाहिजे.

प्रेरणा देणारी कलाकृती

होकुसाई या जपानी चित्रकाराचे लाटेचे चित्र बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेले असते. ते ‘किती सुंदर!’ एवढ्या दोन शब्दांसह पाठवता येते आणि रोज हजारो जण तसेच पाठवतातही. परंतु पाहणाऱ्याला त्यातून नवे काही मिळत नाही, कारण चित्र सुंदर आहे हे त्यालाही दिसतच असते. आपल्याला नेमके काय भावले ते लिहावे: जपानमध्ये सर्वांत उंच असलेला फुजी पर्वत येथे लाटेच्या पोकळीत एवढासा दिसतो, घाईत पाहणाऱ्याला तोही एक लाटच वाटतो, आणि होड्यांतले नावाडी पाण्यापुढे इतके वाकले आहेत की त्यांच्या पाठींची रेषा आणि लाटेची रेषा एकमेकींना उत्तर देतात. अशा दोन वाक्यांनंतर वाचणारा चित्र पुन्हा उघडून पाहतो. स्वतः काही निर्माण करणाऱ्याने आणखी एक वाक्य जोडावे, ते म्हणजे या चित्रातून आपल्या कामात काय उतरले: रंगांची मर्यादा, मोकळी ठेवलेली जागा की लहान वस्तूला दिलेले महत्त्व. प्रेरणा आणि नक्कल यांतला फरकही अशा स्पष्ट कबुलीमुळेच राखला जातो.

त्यानंतर येते ओळखपत्र. कलाकृतीचे नाव, कलावंताचे नाव, ती कुठून घेतली त्या पानाचा दुवा आणि वापराची परवानगी कोणत्या स्वरूपाची आहे, या चार गोष्टी प्रत्येक चित्राबरोबर जाव्यात. लाटेचे हे चित्र साधारण १८३० ते १८३२ या काळातील लाकडी ठशाचे मुद्रण आहे. त्याच्या अनेक प्रती निघाल्या, त्या निरनिराळ्या संग्रहालयांत आहेत आणि त्यांच्या छटांत फरकही आहे. त्यामुळे आपण पाठवलेली प्रत कोणत्या संग्रहालयाची हे लिहिणे हा नुसता शिष्टाचार नसून माहितीचाच भाग ठरतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ साली आपल्या संग्रहातील प्रताधिकारमुक्त (कॉपीराइट नसलेल्या) कलाकृतींची छायाचित्रे सर्वांना मुक्त वापरासाठी खुली केली. अशा संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरून चित्र घेतले तर ते मोठ्या आकारात, खऱ्या रंगांत आणि पूर्ण तपशिलासह मिळते, आणि कुणीतरी कापलेली, गडद केलेली, कोपऱ्यात स्वतःचे नाव टाकलेली प्रत पुढे ढकलण्याची वेळ येत नाही.

कलावंताचे नाव माहीत नसेल तर ‘चित्र : इंटरनेटवरून’ असे लिहून मोकळे होऊ नये, त्या ओळीतून काहीच सांगितले जात नाही. गूगल लेन्स किंवा टिनआय यांसारख्या साधनांत चित्र टाकून त्यावरूनच शोध घेता येतो आणि बहुतेक वेळा सर्वांत जुन्या प्रतीपर्यंत पोचता येते. तरीही नाव सापडले नाही, तर ते चित्र न पाठवणे हा माझ्या मते योग्य निर्णय आहे, विशेषतः चित्र हयात कलावंताचे असण्याची शक्यता असेल तेव्हा. चित्र संगणकीय बुद्धिमत्तेने तयार केलेले असेल तर तसेही स्पष्ट लिहावे.

हक्कांबाबत एक गैरसमज सर्वत्र आढळतो: चित्रावर किंवा लेखनावर प्रताधिकाराचे चिन्ह नसेल तर ते कुणीही वापरावे. प्रताधिकाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात सहभागी असलेल्या देशांत, म्हणजे जगातील बहुतेक देशांत, कलाकृतीची नोंदणी झालेली नसली तरी निर्मात्याला हक्क मिळतो. १८८६ साली सुरुवात झालेल्या या करारानुसार सर्वसाधारण साहित्यकृतीचे संरक्षण निर्मात्याच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षे टिकते, आणि अनेक देशांनी ही मुदत ६० किंवा ७० वर्षांपर्यंत वाढवली आहे. याच करारात रास्त प्रमाणात अवतरण देण्यास मुभा आहे, मात्र स्रोत आणि लेखकाचे नाव देण्याच्या अटीवर. हयात कलावंतांपैकी अनेकांनी आपले काम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे ठरावीक अटींवर आधीच दिलेल्या परवानगीखाली, खुले ठेवलेले असते. तेथे परवान्याची अक्षरे नीट वाचावीत. ‘बीवाय’ म्हणजे नाव देणे आवश्यक, ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नको, ‘एनडी’ म्हणजे फेरफार केलेली आवृत्ती प्रसिद्ध करायची नाही, आणि ‘एसए’ म्हणजे फेरफार केल्यास नवी कृतीही त्याच अटींवर खुली करायची. परवाना नसेल तर चित्र उतरवून स्वतःच्या खात्यावर टाकण्याऐवजी कलावंताची मूळ पोस्ट पुढे पाठवणे हा सर्वांत सोपा आणि निर्वेध मार्ग आहे.

चित्रासोबत पर्यायी मजकूर लिहिण्याची सोय बहुतेक माध्यमांवर असते आणि तिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. ज्यांना दिसत नाही त्यांचे स्क्रीन रीडर हाच मजकूर वाचून दाखवते. वरील चित्रासाठी तो असा होऊ शकेल: ‘डावीकडून उसळलेली निळी लाट, शेंड्याला पंजासारखा पांढरा फेस, खाली तीन लांबट होड्यांत वाकलेले नावाडी, दूर क्षितिजावर छोटासा बर्फाच्छादित पर्वत.’ ‘चित्र’ किंवा ‘सुंदर लाट’ असे लिहिणे म्हणजे न लिहिण्यासारखेच आहे.

पुस्तके

पुस्तकाच्या शिफारशीचे सर्वांत दुबळे वाक्य म्हणजे ‘अप्रतिम! प्रत्येकाने वाचायलाच हवे.’ प्रत्येकाने वाचावे असे पुस्तक नसते. असते ते विशिष्ट वाचकासाठी विशिष्ट वेळी योग्य ठरणारे पुस्तक. त्यामुळे शिफारस करणाऱ्याचे खरे काम म्हणजे तो वाचक कोण हे सांगणे. एखाद्या कादंबरीबद्दल असे लिहिता येईल: ‘सुरुवातीची पन्नासेक पाने संथ आहेत, पात्रे बरीच आहेत आणि त्यांची नाती लक्षात ठेवावी लागतात, पण आई आणि मुलीतला अबोला सुरू झाला की पुस्तक खाली ठेववत नाही. घरातली माणसे जे बोलत नाहीत त्याबद्दल वाचायला आवडणाऱ्यांना ही भावेल, वेगवान कथानक हवे असेल त्यांनी दुसरे काही निवडावे.’ या चार ओळींत पुस्तकाचा दोष सांगितला आहे, बळ सांगितले आहे, शेवट फोडलेला नाही आणि कुणाला ते आवडणार नाही हेही आले आहे. दोष सांगितल्याने शिफारस कमजोर होत नाही. उलट पुढच्या वेळी आपण ‘हे वाचाच’ म्हटले तर लोक ऐकतात.

पुस्तकाची ओळख पटवणारे तपशील चुकवू नयेत. लेखक, प्रकाशक आणि आवृत्तीचे वर्ष द्यावेच, पण पुस्तक अनुवादित असेल तर अनुवादकाचे नाव मुख्य मजकुरातच द्यावे, कारण आपल्याला आवडलेली भाषा बऱ्याच अंशी त्याची असते आणि त्याच पुस्तकाचा दुसरा अनुवाद अगदी वेगळा अनुभव देऊ शकतो. आयएसबीएन हा पुस्तकाची ओळख पटवणारा, २००७ पासून १३ अंकी असलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक दिला तर गोंधळ उरत नाही. प्रत्येक आवृत्तीला आणि छापील, ई-पुस्तक अशा प्रत्येक स्वरूपाला तो वेगळा असतो, म्हणून आपण वाचली त्या प्रतीचाच क्रमांक घ्यावा. पुस्तक कुठे मिळेल हे सांगताना केवळ विक्रीचा दुवा न देता ग्रंथालयाचा पर्यायही सुचवावा. वर्ल्डकॅट या सामायिक सूचीत कोणत्या ग्रंथालयांत पुस्तक आहे ते शोधता येते. विक्रीच्या दुव्यातून आपल्याला मोबदला मिळत असेल, किंवा प्रकाशकाने प्रत भेट दिली असेल, तर ते पहिल्या दोन-तीन ओळींतच सांगून टाकावे.

पुस्तकातील वाक्ये पाठवण्याचा मोह सर्वांनाच होतो, आणि फुलांच्या चित्रावर सोनेरी अक्षरांत छापलेल्या सुविचारांनी सकाळचे निरोप भरलेले असतातच. त्यांतली कितीतरी वाक्ये ज्या थोर माणसाच्या नावावर फिरतात त्याने ती कधीच लिहिलेली नसतात. त्यामुळे वाक्य पुस्तकात स्वतः पाहिल्याशिवाय ते लेखकाच्या नावाने पाठवू नये आणि पाहिले असेल तर पृष्ठ क्रमांक द्यावा. वाक्य चित्रावर छापायचेच असेल तर तेच खाली मजकूर म्हणूनही टंकावे. चित्रातील अक्षरे सहज कॉपी होत नाहीत, शोधात क्वचितच सापडतात आणि स्क्रीन रीडरलाही वाचता येतातच असे नाही. संपूर्ण पुस्तकाच्या स्कॅन केलेल्या पीडीएफबद्दल फार बोलण्याचे कारण नाही: प्रताधिकार संपलेला नसेल तर ती पाठवू नये, वाचनप्रेमाचे कारण पुढे करूनही नाही.

सामाजिक आवाहने

येथे चूक झाली तर तिची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, म्हणून या भागात घाई सर्वांत घातक. रक्त हवे असल्याचे, हरवलेल्या मुलाचे किंवा शस्त्रक्रियेसाठी पैशांची गरज असल्याचे निरोप पाहावेत. त्यांत ‘उद्या सकाळी शस्त्रक्रिया आहे’ असे लिहिलेले असते, तारीख मात्र नसते, आणि असा निरोप वर्षानुवर्षे फिरत राहून दरवेळी नव्या लोकांची रात्र बेचैन करतो. गरज केव्हाच संपलेल्या कुटुंबाचा फोन मात्र वाजत राहतो. त्यामुळे पुढे पाठवण्याआधी स्वतः खात्री करावी, आणि आपण लिहिताना आजची तारीख, ठिकाण आणि आवाहनाची मुदत पहिल्याच ओळीत घालावी.

पैशांचे आवाहन असेल तर रक्कम कुणाच्या खात्यात जाणार, संस्था नोंदणीकृत आहे का आणि तिने खर्चाचा हिशेब कुठे प्रसिद्ध केला आहे, हे पाहिल्याशिवाय आपले नाव त्याला जोडू नये. निरोपातला दुवा किंवा क्यूआर कोड न वापरता संस्थेचे संकेतस्थळ स्वतः शोधून उघडावे आणि तेथे तेच आवाहन आहे का ते पाहावे, कारण खऱ्या आवाहनाच्या चित्रावर दुसराच कोड चिकटवणे फसवणाऱ्याला मुळीच अवघड नसते. आपत्तीची छायाचित्रेही चित्रावरून शोध घेऊन तपासावीत. जुन्या पुराचे छायाचित्र नव्या पुराच्या नावाने फिरणे ही नेहमीची गोष्ट आहे.

एका पोस्टमध्ये एकच कृती मागावी. २०१४ साली एएलएस या स्नायू निकामी करत जाणाऱ्या मज्जासंस्थेच्या आजाराविषयी बर्फाच्या पाण्याच्या बादलीचे आव्हान जगभर पसरले. त्याची थट्टाही पुष्कळ झाली, पण त्याची रचना विचार करण्याजोगी आहे: चोवीस तासांत अंगावर बादली ओता किंवा देणगी द्या, आणि पुढच्या माणसांची नावे घ्या. काय करायचे, केव्हापर्यंत करायचे आणि त्यानंतर कोण, या तिन्हींची उत्तरे त्यात होती. अमेरिकेतील एएलएस असोसिएशनकडे त्या उन्हाळ्यात सुमारे ११.५ कोटी डॉलर जमा झाले आणि त्यातला मोठा वाटा संशोधनाकडे गेला. ‘या प्रश्नाविषयी जागरूक व्हा’ या सांगण्यात मात्र वाचणाऱ्याने नेमके काय करायचे तेच नसते.

उलट उदाहरण २ जून २०२० चे आहे. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाची पोलिसांच्या हातून हत्या झाल्यानंतर निषेध म्हणून असंख्य लोकांनी इन्स्टाग्रामवर नुसता काळा चौकोन टाकला आणि अनेकांनी त्याला ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ हा आंदोलनाचा मुख्य हॅशटॅग जोडला. परिणाम असा झाला की मोर्चे, कायदेशीर मदत आणि देणग्या यांची माहिती ज्या हॅशटॅगखाली मिळत होती तेथे काळ्या चौकोनांची रांग लागली, आणि कार्यकर्त्यांनाच ते काढण्याची विनंती करावी लागली. पाठवणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता, पण माहितीची वाट अडली. म्हणून एखादा हॅशटॅग वापरण्यापूर्वी तो उघडून तेथे लोक काय शोधतात ते पाहावे आणि केवळ भावना व्यक्त करायची असेल तर तो वापरू नये. देवनागरीत हॅशटॅग लिहिताना शब्दांमध्ये अधोरेषा द्यावी. जागा सोडली तर टॅग तेथेच तुटतो आणि शब्द जोडून लिहिले तर ते वाचणे अवघड जाते.

ज्यांच्यासाठी मदत मागतो त्या माणसांचा मान राखणे यातच येते. रुग्णाचे, पीडितेचे किंवा लहान मुलाचे छायाचित्र त्यांच्या किंवा पालकांच्या स्पष्ट संमतीशिवाय वापरू नये, आणि संमती असली तरी घराचा पत्ता, शाळेचे नाव किंवा रुग्णालयाची कागदपत्रे मजकुरात येऊ देऊ नयेत. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात वेळ आणि ठिकाणाची नोंद दडलेली असू शकते. काही माध्यमे ती काढून टाकतात, पण फाइल म्हणून पाठवलेल्या छायाचित्रात ती तशीच जाते, म्हणून पाठवण्यापूर्वी ती पुसावी.

पाठवल्यानंतर

आवाहन पूर्ण झाले की मूळ पोस्टच्या पहिल्या ओळीत तारखेसह तसे लिहावे. चूक आढळली तर पोस्ट गुपचूप न काढता त्याच ठिकाणी दुरुस्ती लिहावी, म्हणजे आधी वाचलेल्यांनाही बदल कळतो. कलावंताने चित्र काढून टाकण्याची विनंती केली तर त्यावर वाद न घालता ते काढावे. महत्त्वाच्या पानाची एक प्रत वेबॅक मशीन या वेबपाने साठवणाऱ्या सेवेत जतन करून ठेवली तर पुढे मूळ दुवा तुटला तरी संदर्भ हाती राहतो. निरोपांच्या गटांत मात्र पुढे गेलेल्या प्रती आपल्याला परत बोलावता येत नाहीत. त्यामुळे तेथे पूर्ण मजकुराऐवजी ज्या पानावर बदल करता येतात त्याचा दुवा पाठवावा, आणि सोबत एका वाक्यात त्या पानावर काय आहे ते सांगावे.