जुन्या एसयूव्हीला घरी लिफ्ट किट बसवताना या चुका टाळा

लिफ्ट किट, म्हणजे गाडीची उंची वाढवणारा सस्पेन्शनच्या भागांचा संच, बसवून झालं की लोक आधी फोटो काढतात आणि आठवडाभराने तक्रार घेऊन येतात. गाडी दणके देते, करकर वाजते, स्टिअरिंग भरकटतं, किटच भिकार निघालं. बहुतेक वेळा किट बरं असतं, बसवणाऱ्याने घाई केलेली असते.

मला सगळ्यात जास्त खटकणारी चूक म्हणजे चाकं लटकत असतानाच सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी बुशचे बोल्ट करकचून आवळणं. गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) असते, हात आरामात पोचतो, म्हणून माणूस तिथेच काम उरकतो. पण रबरी बुश बेअरिंगसारखा मोकळा फिरत नाही. बोल्ट आवळला की त्याची आतली नळी जागेवर पकडली जाते आणि पुढची सगळी हालचाल रबराला पीळ पडूनच होते. लटकत्या चाकांवर आवळलं, तर गाडी जमिनीवर आल्यावर ते रबर कायम पिळलेलं राहतं. गाडी नको तेवढी उंच उभी राहते, कडक चालते आणि बुश लवकर फाटतो.

एका मित्राच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीचं नेमकं हेच झालं होतं. किट ५० मिमीचं, पण मागची बाजू त्याहून उंच, आणि खड्ड्यात पाठ मोडायची. त्याने नवे शॉकअप घेतले, टायरची हवा कमी केली, शेवटी एक पाटा काढायला निघाला. मी गाडी चाकांवर उभी ठेवूनच पाट्याच्या दोन्ही टोकांचे बोल्ट सैल करायला लावले. नट थोडा सुटला तोच ठक्क असा आवाज आला आणि मागची बाजू डोळ्यांदेखत खाली बसली. बुश बाहेर काढला तर रबराला कडेने गोल चीर गेलेली. शॉकअपचा खर्च वायाच गेला.

माझी पद्धत साधी आहे. वर असताना बुशचे बोल्ट नुसते टेकवायचे, गाडी खाली घ्यायची, बंपर दाबून चारदा हलवायची आणि मगच टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) लावायचा. आवळून झालेल्या प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची रेघ मारायची. रेघ नाही, म्हणजे काम बाकी.

दुसरी चूक थेट जिवावर बेतणारी आहे, ती म्हणजे ब्रेकचा होज, ब्रेक ऑइलची लवचीक नळी, ताणली जाणं. शॉकअप सुटला की एक्सल खाली घसरतो आणि त्याचा भार होजवर येतो, म्हणून एक्सलखाली आधी जॅक लावा. किट बसल्यावर चाकं पूर्ण लटकवा, एकाने स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावं, दुसऱ्याने टॉर्च घेऊन होज, एबीएसची वायर आणि डिफरन्शियलची ब्रीदर (हवा ये-जा करणारी) नळी पाहावी. कुठेही ताण दिसला तर लांब होज घ्या आणि ब्रेकमधली हवा काढा. ‘एवढं ताणलेलं चालतं’ हे वाक्य मला ऐकवत नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत मागच्या एक्सलला जोडलेला, वजनानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो. बॉडी वर गेली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. त्याची दांडी नव्या उंचीला जुळवून घ्या.

पाटे एक्सलला बांधणारे जुने यू-बोल्ट परत वापरू नका, ते एकदा ताणलेले असतात.

पुढच्या एक्सलवर पाट्याखाली ठोकळा ठेवून उंची वाढवू नका. कधीच नाही.

टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारा दांडा) पिळून पुढची बाजू उचलणं हा शॉर्टकट आहे. चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि चाकाला फिरवणाऱ्या सीव्ही जॉइंटचा कोन वाढून त्याचं रबरी बूट फाटतं.

कॉइल स्ट्रटचा (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या भागाचा) वरचा नट, कंप्रेसरने स्प्रिंग दाबल्याशिवाय सोडू नका. दोरीने बांधून चालत नाही.

गंजलेल्या बोल्टांवर तेल आदल्या दिवशीच मारा. काम सुरू करताना मारून लगेच पाना लावणाऱ्यांचेच बोल्ट तुटतात.

अखंड एक्सलच्या (दोन्ही चाकं एकाच एक्सलवर असलेल्या) गाडीत उंचीबरोबर कास्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. स्टिअरिंग आपोआप सरळ येत नसेल तर स्टिअरिंग बॉक्स बदलायला धावू नका, कास्टर दुरुस्तीचे बुश किंवा पाचरी बसवा. पॅनहार्ड रॉड (एक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा) असेल तर एक्सल एका बाजूला सरकलाय का, हे दोन्हीकडचं अंतर मोजून पाहा.

अलाइनमेंट आणि हेडलाइटची दिशा त्याच दिवशी लावून घ्या. काहीशे किलोमीटरनंतर स्प्रिंगा बसल्या की अलाइनमेंट पुन्हा तपासा आणि यू-बोल्टवर टॉर्क रेंच परत फिरवा.